आजीची आजी कुठल्या गावची?

रायगड जिल्ह्यात 'इस्रायल' हे आधी माणसांचं नाव होतं, देशाचं नंतर झालं. 'इस्रायल मास्तर', 'इस्रायलांचा घाणा', 'इस्रायलांच्या घरी लग्न आहे' असं जुनी माणसं सहज बोलायची. अलिबागेत इस्रायल आळी आहे. ती माणसांवरून पडलेली आळी, देशावरून नव्हे. आता मात्र मी कुणाला 'आम्ही इस्रायल' म्हटलं की समोरचा आधी काल फोनवर काय बातमी पाहिली ते आठवतो आणि मग माझ्याकडे निराळ्याच नजरेनं बघतो. कुणी कौतुक करायला येतं, कुणी भांडायला. दोघांनाही सांगावं लागतं, की जरा थांबा, मी पनवेलची आहे.

पनवेलमध्ये आमचं सिनेगॉग आहे, बेथ एल. हिब्रूत याचा अर्थ देवाचं घर. ते १८४९ सालचं. पनवेलची नगरपालिका १८५२ची, म्हणजे देवाचं घर तिच्याहून तीन वर्षांनी थोरलं. त्याला तुम्ही देऊळ म्हणा, मशीद म्हणा, आम्हाला चालतं. आमचे पूर्वज स्वतःच मशीद म्हणायचे. मुंबईत सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे कागदोपत्री सॅम्युएल इझिकेल दिवेकर, यांनी १७९६ मध्ये आमचं पहिलं सिनेगॉग बांधलं. शेजारच्या मस्जिद स्टेशनचं नाव त्याच 'मशिदी'वरून पडलं असं सांगतात. पुण्यात बगदादी ज्यूंचं सिनेगॉग आहे, त्याला अख्खं पुणं लाल देऊळ म्हणतं. एकाच धर्माच्या घराला एका शहरात मशीद आणि दुसऱ्या शहरात देऊळ म्हणतात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, ही गोष्ट मला लहानपणी साधी वाटायची. हल्ली साधी वाटत नाही.

बाबांच्या एक आत्या १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलला गेल्या. त्यांची नात माझ्याच वयाची, लोद नावाच्या गावात वाढलेली. आमचं बोलणं व्हॉट्सअॅपवर चालतं. अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी, आणि तिचं मराठी म्हणजे तिच्या आजीचं साठ वर्षांपूर्वीचं मराठी. ती चपलेला 'वहाण' म्हणते. एकदा तिनं व्हॉइस नोट पाठवली: तुला तिथं कोणी विचारत नाही का, की तू खरी कुठली? तिला आयुष्यभर विचारलं गेलं होतं. मला ते काही एका वाक्यात सांगता येईना. म्हणून हे सगळं.

आमची सुरुवात दंतकथेतच आहे, आणि मला तिचा त्रास होत नाही. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथंच पुरलं. कधी? हाईम सॅम्युएल केहिमकरांनी आमच्या समाजाचा पहिला मोठा इतिहास लिहिला. पुस्तक १८९७ मध्ये तयार होतं आणि छापून आलं ते १९३७ मध्ये, तेल अवीवला. त्यांच्या मते हे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात घडलं. याला कागदोपत्री पुरावा नाही. २०१६ मध्ये डीएनएचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात आमच्या रक्तात ज्यू पूर्वजही निघाले आणि भारतीय पूर्वजही. घरी यावर दोन दिवस चर्चा झाली. आई म्हणाली, यासाठी प्रयोगशाळा कशाला, आरसा पुरला असता.

वाचलेल्यांनी तेलाचा घाणा धरला. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं नाव दिलं शनिवार तेली. जातीच्या उतरंडीत एक खाच मिळाली आणि तिच्यात शतकानुशतकं निभावलं. आडनावं गावांवरून पडली: पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर, केहिमकर. अशी शंभराहून जास्त गावं आहेत. ज्याचं गाव माहीत त्याचं घर माहीत. नावंही इथल्या हवेत मुरली. सॅम्युएलचा सामाजी झाला, बेंजामिनचा बनाजी, अब्राहमचा अबाजी. चित्रपटांतले डेव्हिड आठवतात का, 'बूट पॉलिश'मधले जॉन चाचा? त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चौल-रेवदंडा अजूनही त्यांच्या नावात आहे.

पण मला सगळ्यात जास्त आवडतात ती सणांची जुनी नावं. हिब्रू पुस्तकं हातात नव्हती तेव्हा लोकांनी सणांना आपल्या स्वयंपाकघरातली नावं दिली होती. रोश हशाना हा 'नव्याचा सण'. योम किप्पूर, वर्षातला सगळ्यात कडक उपास, हा 'दारफाळणीचा सण', कारण त्या दिवशी दारं लावून घरात बसायचं. दुसऱ्या दिवशी 'शिळा सण', त्यात दानधर्म आणि भेटीगाठी. पेसाहला म्हणत 'अनाशी ढाकाचा सण', म्हणजे आंबट रसाची बरणी झाकून ठेवायची. एक 'खिरीचा सण'. आणि जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दुःखाचा दिवस, तिशा बे-आव, तो 'बिरड्याचा सण', कारण त्या दिवशी जेवणात वालाचं बिरडं. विचार करा. जगभरचे ज्यू त्या दिवशी मंदिरासाठी रडतात. इकडे कोकणात मंदिर केव्हाच आठवणीतून गेलं होतं, तारीख मात्र राहिली होती, आणि तारखेला धरून राहिलं होतं वालाचं बिरडं. रायगडातल्या कुठल्याही घरात बिरड्याला जो मान आहे तो तुम्हाला माहीत असेल, तर हे किती जवळचं नाव आहे ते कळेल.

मटणात दही-दूध घालायचं नाही हा धर्माचा नियम. आमच्या बायकांनी त्यावर नारळाचं दूध शोधलं. नियम जेरुसलेमचा, नारळ नागावचा. (नारळाच्या दुधातलं मटण हा आमच्या समाजानं महाराष्ट्राला दिलेला सगळ्यात दुर्लक्षित वारसा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.)

पुढे बाहेरून लोक आले आणि त्यांनी आम्हाला ज्यू असणं म्हणजे काय ते शिकवलं. पहिल्या कथेतले डेव्हिड रहाबी. त्यांनी बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले, आणि बायकांनी खवले-पंख नसलेले मासे बाजूला काढले, म्हणून ओळख पटली. मग कोचीनचे ज्यू शिक्षक. मग चक्क ख्रिस्ती मिशनरी: जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीत काढलं. १८४६ मध्ये पेसाहच्या रात्री वाचायचा हगादा मराठी अनुवादासह छापला गेला. १८७४ची पुण्याची आवृत्ती तर सचित्र आहे, आणि तिच्या चित्रात बिनखमिराच्या रोट्या करणाऱ्या बायका लुगड्यात आहेत. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थना मराठीत आणल्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तर आमच्यात कीर्तनंही होऊ लागली, अब्राहमाच्या आणि योसेफाच्या कथांवर, झांजांसकट. थोडक्यात, ज्यू कसं व्हायचं हे आम्ही मराठीतून शिकलो.

आता जी गोष्ट आमच्यात मोठ्याने बोलत नाहीत ती. आमच्यात दोन भाग होते, गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल. कातडीशी याचा संबंध कमी आणि आजीशी जास्त. ज्या घरात कधीतरी बाहेरची बाई आली होती, त्या घराची मुलं काळी ठरली. त्यांच्याशी सोयरीक नाही, पंगत वेगळी. लग्न जमवताना मुलीची आई कोण, आईची आई कोण, हे विचारलं जायचं. आजूबाजूच्या गावाकडून आम्ही घाणा घेतला, लुगडं घेतलं, मंगळसूत्र घेतलं, तसं हेही घेतलं. आणि मग मुंबईत बगदादी ज्यू आले, गोरे, व्यापारी, इंग्रजांच्या जवळचे. त्यांनी हाच प्रश्न आम्हाला विचारला. दफनभूमीत आपल्या आणि यांच्या कबरींमध्ये भिंत असावी अशी मागणी त्यांनी केली. रंगूनमध्ये १९३०च्या दशकात सिनेगॉगमधल्या मताच्या हक्कासाठी वाद कोर्टात गेला आणि आमच्या बाजूने निकाल लागला. पण तोवर आपण खालचे ठरू शकतो ही चव कळली होती.

१९४८ मध्ये भारतात बेने इस्रायल साधारण वीस हजार होते. रेल्वे, पोस्ट, कस्टम, लष्कर, शाळा, दवाखाने, सगळीकडे. मुंबईला १९३७ मध्ये ई. मोझेस महापौर होते. कुणी आम्हाला हाकललं नाही. हे तिकडच्या पोरांना पटत नाही. मोरोक्को, इराक, येमेनमधून आलेल्या त्यांच्या वर्गमित्रांच्या घरात पळून येण्याची गोष्ट असते. आमच्या घरात नसते. लोक का गेले? धर्माची ओढ होती, ते खरं. पण इंग्रज गेल्यावर सरकारी नोकऱ्यांचं काय होईल ही धास्तीही होती, तिकडून आलेले प्रचारक होते, आणि एक भाऊ गेला की दुसऱ्याला बोलावतो हे तर कुठल्याही स्थलांतरात असतंच. गल्फला गेलेल्या रत्नागिरीकरांना विचारा.

तिकडे वाळवंट मिळालं. बेअर शेवासारख्या ठिकाणी छावण्या, अंगमेहनतीची कामं, आणि रंगावरून बोलणी. १९५१च्या अखेरीस सुमारे दीडशे जणांनी तेल अवीवमध्ये धरणं धरलं. मागणी काय, तर आम्हाला परत भारतात पाठवा. हजारो वर्षांच्या 'घरवापसी'च्या कल्पनेवर उभ्या असलेल्या देशाला हे केवढं झोंबलं असेल! १९५२ मध्ये त्यांना विमानानं मुंबईला आणून सोडलं. त्यातले बरेच जण पुढे पुन्हा इस्रायलला गेले. म्हणजे इथंही जमेना, तिथंही जमेना, आणि शेवटी जिथं मुलांचं बरं होईल असं वाटलं तिकडे. मला या दीडशे माणसांबद्दल फार माया वाटते. इतिहासात ते दोन ओळींत येतात आणि वाचणारा हसतो. पण जायचं की राहायचं हा प्रश्न ज्यांनी खरोखर अंगावर घेतला असे तेच.

मग १९६२. इस्रायलमध्ये लग्नाची नोंद धर्मपीठाकडे असते. बेने इस्रायलांनी इतर ज्यूंशी लग्न करावं की नाही यावर तिथल्या धर्मगुरूंमध्ये वाद होता. १९६१ मध्ये मुख्य धर्मपीठानं मनाई नाही असा निर्णय दिला, पण १९६२च्या फेब्रुवारीत लग्न नोंदवणाऱ्यांना सूचना निघाल्या, की वधू किंवा वर बेने इस्रायल असेल तर आई कोण, आजी कोण, जितकं मागे जाता येईल तितकं जाऊन तपासा. मध्ये कुणी बिगरज्यू तर नाही ना, शास्त्राविरुद्ध घटस्फोट किंवा पुनर्विवाह तर नाही ना. सूचनेत नाव फक्त आमचं होतं.

बाबांच्या आत्यांचं पत्र याच दिवसांतलं. ते निळं एअरोग्राम आमच्याकडे अजून आहे. त्यात हवापाणी, ऑलिव्हचं लोणचं आपल्या लोणच्यासारखं नाही वगैरे झाल्यावर एक ओळ: आजीच्या आजीचं नाव आणि गाव कळवावं, लग्नाच्या कामी लागतं. पनवेलला शोधाशोध झाली. वयस्कर माणसांकडे माणूस धाडला. निष्पन्न काय, तर ती रेवदंड्याकडची होती आणि सगळे तिला बया म्हणत. नाव कुणालाच ठाऊक नाही. सुनेचं माहेरचं नाव लक्षात ठेवायची आपल्याकडे पद्धतच कुठे होती? कोकणातल्या बायांची नावं हरवतात, यात विशेष काही नव्हतं. तिकडे मात्र त्या हरवलेल्या नावावर एका मुलीचं ज्यू असणं टांगलेलं होतं.

लोक रस्त्यावर आले. १९६४च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये मोठं आंदोलन झालं, भारतातल्या समाजानंही आवाज उठवला. ऑगस्टमध्ये प्रश्न संसदेत आला. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारनं स्पष्ट भूमिका घेतली, की बेने इस्रायल सर्वार्थानं ज्यू आहेत, आणि धर्मपीठानं शंका दूर करावी. त्या महिन्याच्या अखेरीस सूचनेतून 'बेने इस्रायल' हे शब्द गेले. जिंकलो. आत्यांचं लग्नही झालं.

या लढ्याचा आमच्याकडे अभिमान आहे, मलाही आहे. पण दर वेळी मला काळे इस्रायल आठवतात. जेरुसलेमला उन्हात बसलेल्यांमध्ये त्या घरांतली माणसंही असणार. त्यांना आजीचा प्रश्न नवा नव्हता. आधी तो त्यांना आपल्याच पंगतीत विचारला गेला होता. तिकडे सगळे एका रांगेत आले आणि गोरे-काळे हा भेद हळूहळू विरला, कारण दुसऱ्या कुणाच्या तरी नजरेत आम्ही सगळेच काळे होतो.

तिकडे वाढलेल्यांची गोष्ट वेगळी. हिब्रूत भारताला 'होदू' म्हणतात आणि भारतीयाला 'होदी'. होदू हाच शब्द टर्की कोंबड्यालाही आहे. शाळेत याचे विनोद किती होत असतील ते मी सांगायला नको. माझ्या बहिणीच्या आईनं म्हणे बरीच वर्षं मैत्रिणींना घरी नेलं नाही, फोडणीचा वास येतो म्हणून. आता तिच्याच मुलीच्या लग्नाआधी मेंदीचा कार्यक्रम होतो आणि मोरोक्कोवाले पाहुणे व्हिडिओ काढतात. दिमोना, अश्दोद, बेअर शेवा, लोद इथं आमची वस्ती. भारतीय वकिलातीच्या हिशोबानं इस्रायलमध्ये भारतीय मुळाचे ज्यू ८५ हजारांच्या घरात आहेत. त्या देशात क्रिकेट खेळलं जातं ते मुख्यतः यांच्यामुळे. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक तिथून निघत आलं आहे. मलिदाही होतो. गूळ-खोबरं घातलेले पोहे, फळं, आणि एलियाहू हन्नबी, म्हणजे एलिया पैगंबराचं स्तवन. कुठलाही नवस, कुठलंही शुभकार्य, मलिद्याशिवाय नाही. हा एलिया पैगंबर स्वर्गात जाताना अलिबागजवळच्या खंडाळ्याला टेकला आणि तिथं खडकावर त्याच्या रथाची खूण उमटली, अशी आमची श्रद्धा आहे. बायबलच्या कुठल्याही पानावर खंडाळा नाही. पण लोदमध्ये बसून पोरं खंडाळ्याचं नाव घेतात.

लोदबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. जुलै १९४८ मध्ये त्या गावातून हजारो पॅलेस्टिनी माणसांना बाहेर काढलं गेलं आणि नंतर तिथं निरनिराळ्या देशांतले ज्यू वसवले गेले. आमचे लोक त्यातले. त्यांनी काही हे ठरवलं नव्हतं, त्यांना जिथं पाठवलं तिथं ते गेले. पण आपल्याला आजीचं गाव विचारलं म्हणून ज्यांनी एवढं सोसलं, त्यांच्या रस्त्यावर आधी कुणाच्या तरी आज्या राहत होत्या. मी हे बहिणीला एकदा म्हटलं. ती तीन दिवस बोलली नाही. मग तिनं फक्त लिहिलं, मला माहीत आहे, आमच्या गल्लीत अरब शेजारी आहेत, त्यांच्याकडे लोदच्या गोष्टी माझ्याहून जुन्या आहेत.

इथं भारतात आम्ही आता चार-पाच हजार उरलो असू. २०१६च्या जूनमध्ये महाराष्ट्र सरकारनं ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. तोवर फॉर्मवर 'इतर'. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, त्यांची जमवाजमव फोन करून करावी लागते. (बायका मोजत नाहीत. त्यावर माझं मत वेगळ्या लेखात.) मित्रमैत्रिणी विचारतात, तू कधी जाणार? 'जाणार का' असं कुणी विचारत नाही. प्रेमानंच विचारतात, पण त्यांना वाटतं आमचा मुक्काम इथं स्टेशनवरच्या प्रवाशासारखा आहे, गाडी लागली की चाललो. दोन वर्षांपूर्वी मी खरंच कागद गोळा केले होते. जन्मदाखला, आईवडिलांचं लग्नाचं प्रमाणपत्र, आणि मी ज्यू आहे असं समाजाचं पत्र. पत्र देणाऱ्या काकांनी मला एकच प्रश्न विचारला: तुझ्या आईचं गाव कुठलं गं? मी सांगितलं. ते म्हणाले, मग झालं. सही केली. ती फाईल कपाटात आहे. पाठवायची की नाही ते अजून ठरलेलं नाही, आणि ते लवकर ठरावं असंही मला वाटत नाही.

मागच्या डिसेंबरात बहीण पहिल्यांदा भारतात आली. नवगावचं स्मारक पाहिलं, खंडाळ्याला जाऊन आली, रेवदंड्याला आम्ही उगाचच फिरलो, बयेचं घर सापडणार नव्हतं हे माहीत असूनही. पनवेलच्या बाजारात ती वाल निवडत बसली. तिचं ते जुन्या वळणाचं मराठी ऐकून भाजीवाल्या मावशींनी तिला नीट न्याहाळलं.

"कुठची गो तू?"

"लोदची," ती म्हणाली.

मावशींनी वालाचं माप पिशवीत ओतलं. "लोद? म्हंजे रोह्याच्या पुढं का?"